मागच्या रांगेतले गुंगे

म्हाताऱ्यांविषयी कळवळा असलेल्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. नांदेडात अशी माणसं पुष्कळ. दुष्काळात सगळं करपलं, पण हे पीक तेवढं जोमात आलं. घरची कर्ती माणसं मुंबईला, पुण्याला, हैदराबादला कामासाठी निघून गेली आणि म्हातारी माणसं शहरात मागं राहिली. कुणी स्टेशनच्या आसपास, कुणी पुलाखाली, कुणी नदीकाठच्या पत्र्याच्या आडोशाला. रोजगार हमीच्या कामावर जावं तर मुकादम हातातली टोपली काढून घ्यायचा. ‘मरशील आजोबा, आन मलाच निस्तरावं लागंल,’ म्हणायचा. अशा वेळी गावातल्या कळवळ्याला ऊत आला. शाली निघाल्या, नारळ निघाले, फोटोवाले निघाले. म्हातारीला आई म्हणायचं, म्हाताऱ्याला बाबा म्हणायचं, पायाला हात लावायचा, आणि तो काहीतरी मागायला तोंड उघडणार एवढ्यात आभारप्रदर्शन सुरू करायचं.

याकूब मास्तरांना असला कळवळा नव्हता. स्वतः सत्तरीला टेकले होते, तरी म्हातारपणाचा त्यांना राग होता, जसा एखाद्याला भाडं न देणाऱ्या भाडेकरूचा असतो. म्हाताऱ्यांना ते ‘भंगार’ म्हणत. तोंडावर म्हणत. आणि त्या भंगारातली जेवढी माणसं त्यांनी जगवली तेवढी निराधार म्हाताऱ्यांसाठी मोर्चे काढणाऱ्या आमच्या संघटनेनं जगवली नाहीत. हे मी संघटनेचा माणूस म्हणूनच लिहितो आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मास्तरांचा नांदेडच्या इतवारा भागात लग्नाचा बँड होता. बँडचं दुकान म्हणजे एक खोली. दारात पितळी भोंगे टांगलेले, आत खुंट्यांवर लाल कोट, कोटांना पिवळी लेस. माणूस ठेंगणा, पण छाती अशी की बोलताना आधी छाती यायची, मग शब्द. मिशांना मेंदी. समोरच्याचा चेहरा ते क्वचितच बघत, बरगड्या बघत. कुठल्याही माणसाची किंमत ते दमावर ठरवायचे. आमदारांचं भाषण चालू असलं की हे मंडपाच्या कडेला उभे राहून कुजबुजायचे, ‘बघ, बघ, आता तुटला. एवढ्याशा वाक्यात तुटला. ह्याला तुम्ही निवडून देऊन राहिले.’

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तो पत्रक घेऊन. त्या दिवसांत संघटनेची सगळी पत्रकं मीच लिहायचो आणि ती चांगली आहेत अशी माझी खात्री होती. मास्तरांनी कागद हातात घेतला नाही.

‘तूच वाच. जोरात.’

मी वाचायला लागलो. ‘शासनाच्या उदासीन व धनदांडग्यांना धार्जिण्या धोरणामुळे उपेक्षेच्या गर्तेत लोटल्या गेलेल्या तमाम निराधार वृद्ध श्रमिकांच्या न्याय्य व प्रलंबित मागण्यांकडे—’

‘थांब थांब. दम कुठं घ्यायचा?’

‘म्हणजे?’

‘म्हंजी दम रे. श्वास. कुठं घ्यायचा ह्याच्यात? तू जवान गडी, तुझंच तोंड लाल झालं. हे म्हाताऱ्यानं रस्त्यावर वरडायचं? जागच्या जागी मरंल की तो. मग तुला दुसरं पत्रक काढाया लागंल, त्याच्या मयतीचं.’

दुकानात बसलेले दोन-तीन म्हातारे खिदळले. मी चिडून निघून आलो. दुसऱ्या दिवशी नवीन पत्रक घेऊन गेलो. त्यात पहिली ओळ अशी होती : म्हाताऱ्याला पगार द्या. दुसरी ओळ : आज द्या.

‘हां,’ मास्तर म्हणाले. ‘हे वाजतं.’

पगार म्हणजे निराधार योजनेचे दरमहाचे पैसे. सरकारी कागदावर त्याला अनुदान म्हणतात. घेणारे त्याला पगारच म्हणतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांसाठी हाडं झिजवली त्यांचा तो थकलेला पगारच आहे. अनुदान कसलं?

आता गुंग्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरूनच झालं. मास्तरांच्या बँडमध्ये पुढच्या रांगेत वाजवणारे असत. मागच्या रांगेत जे उभे असत ते वाजवत नसत. दात पडलेले, छाती बसलेली, जन्मभर ह्याच बँडमध्ये नाहीतर दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये फुंकून फुंकून रिकामे झालेले ते म्हातारे. मास्तर त्यांना लाल कोट घालायचे, हातात वाद्य द्यायचे आणि रांगेत उभं करायचे. ह्यांनी गाल फुगवायचे, बोटं तालात हलवायची, आणि आवाज काढायचा नाही. ह्यांना मास्तर गुंगे, म्हणजे मुके, म्हणत. पैशांची वाटणी मात्र वाजवणाऱ्याला जेवढी तेवढीच गुंग्याला. त्याबद्दल कुणी जवान पोरगा कुरकुरला तर मास्तर म्हणायचे, ‘तू म्हातारा होणार न्हाईस का? न्हाई होणार? मग आत्ताच मर, तुझा वाटा ह्याला देतो.’

‘पण मास्तर, ही फसवणूक नाही का?’ मी एकदा विचारलं.

‘लोक बँड कानानं ऐकतात असं वाटतं का तुला? डोळ्यानं ऐकतात. पोरीचा बाप काय बघतो? किती मान्सं हाईत. पोराचा बाप काय बघतो? किती मान्सं हाईत. सूर बिघडला तर कुणी हू की चू करत न्हाई. एक कोट कमी दिसला तर पैसे कापतात.’

गुंग्यांची तालीम ते वाजवणाऱ्यांपेक्षा कडक घेत. दुकानामागच्या बोळात भर उन्हात म्हातारे ओळीनं उभे, गाल फुगलेले, बोटं चाललेली, आणि आवाज फक्त मास्तरांच्या शिव्यांचा. ‘ए, गाल! गाल कुठं गेला तुझा? बायकोला फुंकर मारून राहिला का तू?’ एकदा एका म्हाताऱ्याच्या भोंग्यातून चुकून ‘भों’ असा आवाज निघाला. मास्तरांनी त्याला तिथल्या तिथं कोट उतरवायला लावला. ‘वाजवायचं होतं तर जवानीत वाजवायचं होतं. हितं इज्जतीत गप उभं ऱ्हायचं.’ पुढच्या लग्नाला पुन्हा त्यालाच घेतलं, ते वेगळं.

भाऊसाहेबांशी आमची गाठ पडली ती ज्येष्ठांच्या सत्कारात. भाऊसाहेबांची तेलाची गिरणी होती आणि निराधार समितीवर ते पक्षातर्फे बसलेले होते. म्हणजे कोण निराधार आहे आणि कोण नाही हे हा गृहस्थ ठरवणार. ह्यानं आयुष्यात कधी रिकामा हंडा उचलून बघितला असेल असं त्याच्या मनगटांकडं बघून वाटत नव्हतं. सत्काराला म्हाताऱ्यांना सकाळी बोलावून उन्हात बसवलं होतं आणि पाहुणे आले टळटळीत दुपारी. बँड मास्तरांचाच होता, म्हणून मास्तरांनाही ज्येष्ठ म्हणून शाल देण्यात आली. त्यांनी शाल बोटांत धरून चोळून बघितली, उजेडात धरली, आणि माईकच्या इतक्या जवळून बोलले की शेवटच्या माणसापर्यंत गेलं : ‘ह्याच्यातनं समोरची भिंत दिसून राहिली.’

भाऊसाहेबांनी ते हसण्यावारी नेलं आणि भाषण केलं. ज्येष्ठ म्हणजे समाजाची शिदोरी आहे, म्हणाले.

‘शिदोरी म्हणं,’ मास्तर माझ्या कानाशी आले. ‘म्हंजी खाऊन टाकणार हाय आपल्याला.’

किसन त्या दिवशी मास्तरांच्या मागं मागच्या रांगेत उभा होता. किसन क्लॅरिनेट वाजवायचा, म्हणजे एके काळी वाजवायचा. मूळ गाव निलंगा तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या हद्दीला. लहानपणी चुलत्याबरोबर नांदेडला आला, मास्तरांच्या वडलांच्या बँडला लागला आणि तिथंच म्हातारा झाला. बायको गेलेली, मूल नाही. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, एक चूल, आणि कापडात गुंडाळलेलं क्लॅरिनेट. सगळे दात गेले होते. बोलायचा इतकं कमी की मला बरेच दिवस तो खरोखरचाच मुका वाटला होता. मास्तर त्याच्यावर जेवढे डाफरायचे तेवढे कुणावर डाफरत नसत, आणि भाकरी मात्र दोघं एकाच ताटात खायचे.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी लग्नं आटली. टँकरच्या पाण्यावर गावजेवण कोण घालणार? जी झाली ती मंदिरात, दर्ग्यात, चार माणसांत उरकली गेली. बँडला काम नाही, म्हणून गुंग्यांना वाटा नाही. तेव्हा मास्तर माझ्याकडं आले. दारातच उभे राहिले.

‘तुझा तो पगार,’ म्हणाले. ‘किशनला पाहिजे. बाकीचे मागून खातील. ह्याला मागता येत न्हाई. हा उपाशी मरंल आन मला सांगणार बी न्हाई.’

मी अर्ज केला. किसनला निराधारचा पगार मिळवून द्यायचा, एवढीच लढाई होती. तालुका आणि वॉर्ड ह्यांच्या पलीकडं गेलेल्या मोठमोठ्या मागण्या आम्ही मोर्चात केल्या असतील, पण तो उन्हाळा मी आणि मास्तर एका दात नसलेल्या क्लॅरिनेटवाल्यासाठी भांडलो.

समितीची बैठक कचेरीच्या मोठ्या खोलीत होती. किसन लाल कोट घालून आला. दुसरा धड कपडाच नव्हता त्याच्याकडं, आणि साहेबाच्या पुढं फाटका सदरा घालून जायची त्याला लाज वाटली. बगलेत क्लॅरिनेटची गुंडाळी. ती तो कुठं ठेवतच नसे. भाऊसाहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि चष्मा काढला.

‘हा तर आमच्या पोरीच्या लग्नात वाजवत होता! काम करणारा माणूस आहे हा. निराधार कसला?’

मी बोलायला उठलो. वय, आजार, कायदा, सगळं पाठ करून आलो होतो. कुणी ऐकून घेईना. ‘मी ह्या डोळ्यांनी बघितलंय,’ भाऊसाहेब म्हणत राहिले. ‘काय बोटं चालत होती ह्याची!’

मास्तर मागं भिंतीला टेकून उभे होते. गप्प राहिले असते तर त्यांचं काही जात नव्हतं. किसनचा अर्ज मेला असता एवढंच. त्यांनी घसा खाकरला.

‘भाऊसायब, त्या दिशी हा वाजवत नव्हता.’

‘म्हणजे?’

‘गाल फुगवून उभा होता. मागची समदी रांग तशीच. वाजवत होते ते पुढचे. तुम्ही पैसे दिले समद्या रांगांचे, वाजले निम्मे.’

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी तो अजूनही अधूनमधून आठवून खूश होतो.

‘म्हणजे तू मला फसवलंस? माझ्या पोरीच्या लग्नात?’

‘तुम्हाला कळलं होतं का तवा?’

भाऊसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

‘तुमच्या व्याह्याला कळलं होतं का? त्यांनी तर कौतुक केलं. मग फसवलं कुठं? शान दिली तुम्हाला. आत्ता सांगून राहिलो, म्हणून कळलं.’

ह्या चार वाक्यांनी मास्तरांनी वडिलांपासून चालत आलेलं आपल्या बँडचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. त्या खोलीत बसलेला प्रत्येक जण गिरणीवाला, आडत्या, कंत्राटदार होता. प्रत्येकाच्या घरी लग्न होऊन गेलेलं होतं नाहीतर होणार होतं. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. सगळ्यांच्या बरगड्यांकडं एकदा बघून घेतलं त्यांनी, आणि पुन्हा भिंतीला टेकले.

तेव्हा टेबलाच्या कडेला बसलेल्या कारकुनाला अक्कल सुचली. ‘साहेब, वाजवायलाच लावा की ह्याला. आत्ता खरंखोटं होईल.’

सगळ्यांना गंमत वाटली. वाजव, वाजव, म्हणाले. मास्तरांनी किसनकडं बघितलं. ती नजर मला माहीत होती, बोळातल्या तालमीतली. गाल फुगव, बोटं हलव, आवाज काढू नको. लग्नात चालणारा तो मुकेपणाच इथं किसनच्या कामाला येणार होता. त्यानं फक्त वाजवायचं नव्हतं.

किसननं गुंडाळी सोडली. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी मागून घेतलं, त्यात पत्ती भिजवली. फुंकायच्या टोकाला बसवलेली ही पातळ पत्ती कोरडी असली तर क्लॅरिनेट बोलत नाही. गुंग्याला पत्ती भिजवायची गरजच काय? मला तेव्हाच कळायला हवं होतं. मास्तरांना कळलं. त्यांनी डोळे मिटले.

आणि किसन वाजवायला लागला.

पाठवणीच्या वेळी वाजवतात ती धून होती. बोळकं तोंड, दोन्ही ओठ आत वळवून धरलेले, गळ्याच्या शिरा टचटचीत. किती वर्षांत त्याला कुणी ‘वाजव’ म्हणालं नव्हतं. समोर माणसं गप्प बसून त्याच्याकडं बघत होती. दारातला शिपाई चहाचा ट्रे धरून तसाच उभा राहिला. थोडाच वेळ चाललं ते. मग खोकल्याची उबळ आली आणि किसन भिंतीला धरून वाकला.

समितीनं टाळ्या वाजवल्या. ‘वा, वा!’ भाऊसाहेब म्हणाले. डोळे पुसल्यासारखंही केलं त्यांनी; कळवळा होताच. मग कागद ओढला आणि किसनचा अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर मी किसनवर तोंड टाकलं. एवढा घाट घातला, मास्तरांनी नाव घालवलं, आणि तुम्हाला वाजवायची हौस आली? माझं अजूनही तेच मत आहे. त्या दिवशी त्या दोघांनी मिळून एक जिंकत आलेली लढाई घालवली, आणि कुणी त्याला कलावंताचा स्वाभिमान वगैरे म्हणू लागलं तर मी त्याच्याशी भांडेन. स्वाभिमानाची भाकरी होत नाही.

किसन मान खाली घालून उभा होता. मास्तर त्याच्यापुढं गेले. मला वाटलं आता मारतात.

‘अंतरा गिळलास तू,’ म्हणाले.

‘दम पुरला न्हाई, मास्तर.’

‘पुरला न्हाई ते मला दिसलं. त्या बैलांना दिसलं न्हाई.’

बस्स. त्यापुढं त्या प्रसंगाबद्दल दोघं एकमेकांशी बोललेलं मी ऐकलं नाही.

गावात मात्र पुष्कळ बोललं गेलं. त्या वर्षी जी दोन-चार लग्नं व्हायची होती त्यांचे मालक दुकानात येऊन एकेका म्हाताऱ्याला म्हणायचे, ‘हां, तू फुंक बघू.’ लग्नघरचा माणूस असं बोलतो हे मास्तरांना सहन होईना; ते त्यालाच दुकानाबाहेर काढायचे. कामं दुसऱ्या बँडला गेली. त्याच्याकडं हातगाडीवर लाऊडस्पीकर होता. मास्तरांचे गुंगे पांगले. कुणी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवून तिथंच भांडी घासायला लागले, कुणी माहूरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मास्तरांना कुणी ‘कशाला सांगितलंत?’ म्हणून विचारलं की ते त्याच्याकडं असे बघायचे की जणू त्यानं त्यांच्याकडं उधार मागितलंय.

राहिला किसनचा पगार. नांदेडच्या कचेरीनं कागदावर आणखी एक शेरा मारून ठेवला होता : अर्जदार मूळचा निलंगा तालुक्याचा, तिकडं जावं. निलंगा आता उस्मानाबादेतून निघून लातूरमध्ये गेलेलं. जिल्हा नवा कोरा होता. आम्ही तिघं एस.टी.नं लातूरला गेलो.

लातूरात पाण्याच्या टँकरमागं माणसांच्या रांगा, आणि चौकाचौकात नव्या जिल्ह्याच्या स्वागताच्या कमानी. कचेरी कुणाच्या तरी उसन्या इमारतीत. भिंतींचा रंग हाताला लागत होता. खुर्च्यांवरचे कागद काढलेले नव्हते. कारकून म्हणाला, ‘तुमच्या तालुक्याचं दफ्तर अजून उस्मानाबादहून यायचंय. पुढच्या महिन्यात या.’ पुढच्या महिन्यात गेलो. दफ्तर आलं होतं. ते ठेवायला कपाट यायचं होतं.

‘जिल्हा नवा,’ मास्तर म्हणाले. ‘उत्तर सेम.’

तिसऱ्या खेपेला मास्तर लाल कोट घालून आले. पिवळी लेस, खांद्यावर झुपके, डोक्यावर तुऱ्याची टोपी. किसनलाही घालायला लावला. मोठ्या साहेबांच्या खोलीबाहेर व्हरांड्यात दोघं ताठ उभे राहिले. काही मागितलं नाही, कुणाशी बोलले नाहीत. नवीन जिल्हा म्हणजे दिवसाआड कुणीतरी मंत्री यायचाच, काहीतरी कापायला नाहीतर उघडायला. शिपायानं बँडवाले बघितले आणि तो आत पळाला. एक कारकून बाहेर येऊन बघून गेला. दुसरा आला. आत फोन वाजायला लागले. फुलं आणायला कुणीतरी सायकलवर सुटलं. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले, शर्टाचं वरचं बटण लावत.

‘कोण येतंय? मला कसं कळवलं नाही? बँड कुणी बोलावला?’

मास्तरांनी सलाम ठोकला. ‘हे आलेत साहेब.’ आणि किसनकडं हात केला. ‘किशनराव. निलंगा तालुका. दोनदा येऊन गेले, कुणी उठलं न्हाई.’

साहेब तरुण होते. आधी संतापले, मग हसले, मग किसनच्या तोंडाकडं त्यांचं लक्ष गेलं आणि हसायचे थांबले. त्यांनी आम्हाला आत नेऊन बसवलं. महिन्याभरात निलंग्याहून किसनचा पगार मंजूर झाला.

मंजूर झाला तो असा, की किसननं निलंगा तालुक्यातल्या आपल्या गावीच राहायला पाहिजे. दरमहा मनिऑर्डर तिथं येणार, त्याच्याच हातात पडणार, आणि तो गावातच राहतो असा तलाठ्याचा दाखला लागणार. नांदेडला दिसला तर पगार बंद. आमची संघटना चालवणाऱ्या सरांनी ‘निराधार श्रमिकाचा ऐतिहासिक विजय’ असं पत्रक काढलं. ते मी लिहिलेलं नाही. वाचलं तेव्हा दम कुठं घ्यायचा मलाही समजलं नाही.

गावात किसनचं कुणी उरलं नव्हतं. भावाचं घर होतं. भावाची मुलं ऊसतोडीला गेलेली, दाराला कुलूप. मी म्हणालो, अपील करू, नांदेडलाच मागू. मास्तर म्हणाले, ‘अपिलाला कोण खाऊ घालणार? तू? घे आन जा, किशन.’

‘मास्तर, तिथं मला वळखणारं कोण हाय?’ मी किसनच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

‘पोष्टमन वळखंल. आता तुला पोष्टमन लागतो, बँडमास्तर न्हाई.’

नांदेडच्या स्टँडवर निलंग्याची गाडी लागली तेव्हा मास्तरांनी आत चढून खिडकीजवळ बसलेल्या एका धडधाकट पोराला उठवलं. पोरगं ‘का?’ म्हणालं. ‘तुझ्या बापाचं वय हाय ह्याचं म्हणून न्हाई,’ मास्तर म्हणाले. ‘तुझ्या तोंडावरची माशी हलत न्हाई, तुला वारा काय करायचा?’ किसन बसला. गुंडाळी मांडीवर. मास्तर खाली उतरून खिडकीशी उभे राहिले.

‘ऐक. तलाठ्यापुढं वाजवायचं न्हाई.’

‘न्हाई, मास्तर.’

‘तुझ्या गावात लगीन आसंल, बारसं आसंल, जयंती आसंल. लोक म्हणतील वाजव. वाजवायचं न्हाई. कुणीतरी वर कळवतो. पगार जातो.’

‘न्हाई वाजवणार.’

‘घरात येकटा असलास, दार लावलेलं असलं, तरी बी न्हाई. आवाज भायेर जातो.’

 किसन समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होता आणि त्याचा हात गुंडाळीवर होता. मास्तरांनी पुन्हा विचारलं. किसनची बोटं कापडावर हलत राहिली. कंडक्टरनं घंटा मारली, गाडी मागं सरकली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली.

मास्तर धुळीत उभे होते. 

‘वाजवणार बघ, हरामखोर,’ ते म्हणाले. आणि माझ्याकडं न बघता, बसायला जागा शोधणाऱ्या माणसांना छातीनं बाजूला सारत, स्टँडच्या गर्दीत निघून गेले.